गोजराबाई, चौदा मुद्दे आणि माझी पहिली सही

आमच्या मुलीला टीव्हीच्या मालिकेतून काढून टाकावं, अशी मागणी करणाऱ्या निषेधपत्रावर पहिली सही माझी होती. सुवाच्य, पूर्ण नावाची आणि खाली दोन रेघा मारलेली.

पत्रही मीच लिहिलं होतं. चौदा मुद्द्यांचं. आणि आजही छातीवर हात ठेवून सांगतो, त्यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता! (छातीवर हात ठेवण्याआधी बायको खोलीत नाही ना, एवढं पाहून घेतो.)

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. टीव्हीवर एकच वाहिनी होती तेव्हा इतिहासाचे हाल आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी व्हायचे. मग उदारीकरण आलं, चंडीगढच्या गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबू लागल्या आणि इतिहासाचे हाल रोज रात्री आठ ते दहा, जाहिरातींसकट होऊ लागले.

मी सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं अचूक आहेत की नाहीत हे तपासायचो. काटा केसभर इकडचा तिकडे झाला तरी माझं जेवण उतरत नसे. अशा माणसानं ऐतिहासिक मालिका पाहू नयेत. मी सगळ्या पाहायचो. हातात वही घेऊन!

"थांब! ताटात काय आहे बघ त्याच्या! टोमॅटो!"

"अहो, त्याचा बाप मेलाय. तो रडतोय. तुम्ही ताट कसलं बघताय?"

"बाप अठराव्या शतकात मेलाय आणि हा टोमॅटो खातोय! लाज नाही वाटत?"

"त्याला नाही वाटत," सुलभा म्हणायची. "मला वाटते. शेजारी ऐकतात."

सुलभा म्हणजे माझी बायको. माहेर कोल्हापूर. इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत पॅथॉलॉजी विभागात काम करायची. "दिवसभर सूक्ष्मदर्शकातून जंतू बघते, संध्याकाळी घरी येऊन तुम्हाला बघते," हे तिचं ठरलेलं वाक्य. "फरक एवढाच, की जंतूंवर औषध सापडलंय."

आमची एकुलती एक मुलगी रेवा. तेव्हा सोळा वर्षांची. जन्म चंडीगढचा, शाळा चंडीगढची, मैत्रिणी सगळ्या कौर आणि शर्मा. मराठी तिला शंभर टक्के कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. मी मराठीत चेंडू टाकायचा आणि तिनं तो हिंदीत टोलवायचा, असा आमचा घरचा सामना वर्षानुवर्षं चालू होता. अभ्यासात बरी. घोड्यावर मात्र अशी बसायची, की घोड्यालाच आपण आज नीट भांग पाडून यायला हवं होतं असं वाटावं. तिला घोडा शिकवला कर्नल जगदाळ्यांनी. कर्नल म्हणजे मूळचे कराडकडचे, इथे पोस्टिंगवर आलेले, छावणीतल्या रायडिंग क्लबाचे आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाचे, दोन्हीकडचे अध्यक्ष. मिशा अशा, की मंडळाच्या सभेत ठराव आधी मिशांना मान्य व्हावा लागे.

तर त्या वर्षी मुंबईची एक कंपनी पानिपतावर मालिका काढायला चंडीगढला आली. पानिपत आमच्यापासून तीन तासांवर. पण युनिटला राहायला चंडीगढची हॉटेलं पसंत पडली, म्हणून त्यांनी पानिपतच उचलून आमच्या शहराबाहेरच्या शेतांत आणलं. पुढे काय होणार, ते मला तिथेच कळायला हवं होतं.

एका रविवारी स्कूटरवरून सेट पाहून आलो. मराठ्यांची छावणी उभी होती. तंबू ठीक. तोफा ठीक. छावणीच्या मागे मात्र सफेद्याच्या झाडांची सरळ रांग! सफेदा म्हणजे आपला निलगिरी. तो पंजाबात सरकारनं लावला, अगदी अलीकडे. तोफांच्या चाकांखाली काँग्रेस गवत, जे आपल्या देशात आलं तेच स्वातंत्र्यानंतर. भटारखान्यात टोमॅटोंची टोपली. पहारेकऱ्यानं बाही वर केली तर दंडावर देवीच्या लसीचे दोन ठसठशीत वण. घरी येईपर्यंत सात मुद्दे झाले होते.

उरलेले सात मला एका बातमीनं दिले. इथल्या एका हिंदी वर्तमानपत्रात चौकट आली होती: 'चंडीगढ़ की बेटी बनेगी मराठा वीरांगना.' मालिकेतल्या गोजराबाईच्या कामासाठी म्हणे शहरातल्याच एका शाळकरी मुलीची निवड झाली होती. नाव कंपनीनं गुप्त ठेवलं होतं.

गोजराबाई! अहो, पुण्यामुंबईच्या लोकांना गोजराबाई माहीत नसेल. मला आहे. आमच्या साताऱ्याकडच्या गावात, ओढ्याच्या काठी तिची समाधी आहे. तीन दगड आणि एक चाफा. पानिपताच्या रणात बाप आणि भाऊ पडल्यावर सतरा वर्षांच्या या पोरीनं मेलेल्या चुलत्याची पगडी डोक्यावर चढवली, त्याच्या हातातली तलवार घेतली आणि छावणीतल्या बायका-मुलांना घोड्यांवर घालून थेट घरी आणलं. आमच्या गावात अजून लग्नाआधी नवरी तिथे जाऊन दिवा लावते. रेवा लहान असताना मी तिला रोज झोपताना हीच गोष्ट सांगायचो. दुसरी गोष्ट मला येतच नव्हती.

आणि आता या गोजराबाईचं काम कोण करणार, तर चंडीगढची कुणी छोले-भटूरे खाऊन वाढलेली पोर! 'पानी पीना है जी?' म्हणत घोड्यावर बसणार!

माझं रक्त उसळलं. सुलभा भाचीच्या लग्नासाठी पंधरा दिवस कोल्हापूरला गेली होती. म्हणजे रक्ताला आवरणारं घरात कुणी नव्हतं. रात्री बसून चौदा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. मुद्दा क्रमांक एक: 'गोजराबाई या अस्सल सातारी बाण्याच्या होत्या. त्यांची भूमिका करणारी मुलगी शुद्ध मराठी बोलणारी व मराठी मुलखात वाढलेलीच असावी. उत्तरेत वाढलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी मुलगी हा त्यांच्या स्मृतीचा अपमान होय.'

सकाळी रेवा दूध पीत होती. तिच्यापुढे कागद ठेवला. "वाच. आणि तूही सही कर. तुमच्या पिढीनं उभं राहायला हवं."

तिनं वाचलं. पहिला मुद्दा दोनदा वाचला. दुधाचा पेला खाली ठेवला.

"बाबा, ये लड़की अगर सच में अच्छी हुई तो?"

"तरी नाही."

"घुड़सवारी आती हो, तो भी?"

"घोडा सर्कशीतल्या माकडालाही येतो. इथे प्रश्न रक्ताचा आहे!"

"और ये नौ नंबर? टीके का निशान? आपके भी तो हैं. दो-दो. रुपये जितने बड़े."

"मी कुठे मालिकेत काम करणार आहे?"

तिनं कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "मैं साइन नहीं करूँगी. आप पक्का भेज रहे हो?"

"पक्का!"

"तो भेज दो," ती उठली. "मैं भी देखती हूँ." आणि सेक्टर चौतीसच्या कोचिंग क्लासला निघून गेली. त्या दिवशी तिनं सायकल जिन्यावरून जरा जास्तच आदळत नेली, एवढं मला आठवतं. मला वाटलं, फिजिक्सचा पेपर असेल.

पुढचे आठ दिवस मी स्कूटरवरून सह्या गोळा केल्या. चंडीगढात पत्ता शोधणं सोपं, सेक्टर आणि घरनंबर; पण मराठी माणूस एका सेक्टरात एक असा वाटून दिलेला! कुठे विद्यापीठातले प्राध्यापक, कुठे हवाई दलातले अधिकारी, कुठे सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेतले संशोधक. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी माझं भाषण. "आज गोजराबाई गेली तर उद्या काय राहील? इतिहासाशी तडजोड नाही!" लोक पेटायचे. एका प्राध्यापकबाई तर सही करताना रडल्या. कर्नल जगदाळ्यांनी शाईचं पेन काढून सही केली आणि मला मिठी मारली. "कारखानीस, तुमच्यासारखे दहा जण मिळाले असते तर पानिपत हरलो नसतो!"

एकेचाळीस सह्या झाल्या. एक प्रत कंपनीला दिली, एक वर्तमानपत्राला. दोनच दिवसांत चौकट आली: 'मराठी समाज ने किया विरोध.' मी ती कापून फ्रेम करायचा विचार करत होतो, तेवढ्यात शेजारच्या भल्लाआंटी दार न वाजवता आत आल्या. हातात तेच वर्तमानपत्र. चेहरा लाल.

"भाईसाहब, ये कौन कमीने लोग हैं?"

"कुठले?"

"ये जिन्होंने चिट्ठी लिखी है! मुझे बस पता दे दो. मैं सारे मोहल्ले दी औरतां लेकर उनके घर दे सामने धरना दूँगी. हमारी बच्ची को निकलवाएँगे?"

मला भरून आलं. परक्या मुलीसाठी एवढी कळकळ! "आंटी, तुमच्या भावना मी समजू शकतो. कोण आहे ती बच्ची? तुमच्या नात्यातली?"

भल्लाआंटी माझ्याकडे असं पाहायला लागल्या, जसं मी प्रयोगशाळेत बिघडलेल्या उपकरणाकडे पाहतो.

"अजी, अपनी रेवा! आपको नहीं पता? महीने से मेरे पिछले आँगन में तलवार चला रही है! मेरी दो तुलसी काट चुकी है!"

मी खाली बसलो. खुर्ची तिथे नव्हती, तरी बसलो.

उलगडा झाला तो असा. ऑडिशन झाली होती सेक्टर चौतीसला, कोचिंग क्लासच्याच वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. रेवा फिजिक्स सुटल्यावर एक जिना चढून वर गेली आणि तीनशे मुलींमधून निवडली गेली. करारावर पालक म्हणून सुलभानं सही केली होती. मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पहिलं शूटिंग झालं, की सांगायचं ठरलं होतं, कारण, सुलभाच्या शब्दांत, "आधी कळलं असतं तर तुम्ही पोरीच्या प्रत्येक वाक्यात टोमॅटो शोधला असता."

त्याच संध्याकाळी ती कोल्हापूरहून परतली. बॅग दारातच ठेवली. वर्तमानपत्र टेबलावर होतं. वाचलं.

"एकाच घरातून दोन सह्या," ती शांतपणे म्हणाली. तिचं शांत होणं म्हणजे काय, हे ज्याचं कोल्हापुरात लग्न झालंय त्यालाच कळेल. "एक घ्या म्हणणारी, एक काढा म्हणणारी."

"अगं, पण मुद्दे…"

"मुद्दे गेले ओढ्यात! ती आठ दिवस या घरात तुमच्यासमोर बसून जेवत होती. सांगावंसं वाटलं नसेल का तिला?"

"मग सांगितलं का नाही?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. रेवा.

"क्योंकि आपने कहा, 'तरी नाही'." तिचे डोळे सुजले होते, पण मान ताठ. "मला वाटलं, आप खुश होगे. गोजराबाई है, बाबा! किसी और का रोल होता तो मैं जाती ही नहीं. बचपन से सुनी है यार, आपसे ही!"

माझ्याकडे चौदा मुद्दे होते. त्यातला एकही यावर लागू पडेना.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या हॉटेलवर गेलो. कलाकार निवडायचं काम लांबा नावाच्या माणसाकडे होतं. कमरेला दोन पेजर. (एक वाजला की तो दुसऱ्याकडे बघायचा.)

"लांबाजी, ते पत्र मी परत घेतो."

"सर, आप एक हो. साइन इकतालीस हैं. चॅनलवाले डर गए हैं. कंट्रोवर्सी नहीं चाहिए जी. हमने आपकी बात मान ली! लड़की बदल रहे हैं. बंबई से साबुन के ऐड वाली मॉडल आ रही है."

"ती मराठी आहे?"

"ना जी."

"मराठी येतं?"

"ना."

"घोडा?"

"डरती है. लकड़ी के घोड़े पे क्लोजअप कर लेंगे. पर सर, है तो बंबई की! महाराष्ट्र में पली-बढ़ी! आपका पॉइंट नंबर वन!"

माझाच मुद्दा, माझ्याच गळ्याला. शेवटी लांबा म्हणाला, "इतवार तक सबसे लिखवा के ला दो कि ऐतराज़ नहीं, तो सोचेंगे."

मंडळाची तातडीची सभा बोलावली. कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला. मुलंबाळं घेऊन सगळे आले, कारण बातमी फुटली होती आणि कारखानीस आता काय बोलतात, हे कुणालाच चुकवायचं नव्हतं. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि मुद्दा क्रमांक एक वगळावा, अशी विनंती केली.

मग कर्नलसाहेब उठले.

"काय हो कारखानीस, 'इतिहासाशी तडजोड नाही' हे कुणाचं वाक्य?"

"माझं."

"'आज गोजराबाई गेली तर उद्या काय राहील?'"

"तेही माझंच."

"मी काय बोललो होतो?"

"मिठी मारली होती."

"हां! रेवा माझी शिष्या. पोटच्या पोरीसारखी. पण सही म्हणजे सही! उद्या लोक म्हणतील, दुसऱ्याची पोर होती तेव्हा तत्त्व, आणि स्वतःची निघाली तेव्हा विनंती!"

टाळ्या पडल्या. रडत सही केलेल्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, "मला तर तुमचं भाषण तोंडपाठ आहे, म्हणून दाखवू?" आणि म्हणून दाखवलं! माझ्यापेक्षा चांगलं. आठ दिवस घरोघर चहा पिऊन मी एकेचाळीस माणसं अशी पेटवून ठेवली होती, की आता मला विझवता येत नव्हती. मी इतका चांगला वक्ता आहे, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. कळायला नको त्या दिवशी कळलं.

"ठीक आहे," कर्नल म्हणाले. "पोरीला बोलवा पुढे. न्यायानं होऊ दे. पाठ केलेले संवाद नकोत. रेवा, समज, पलीकडून शत्रू आलाय, छावणीत बायका रडत बसल्यात. त्यांना उठव. तुझ्या शब्दांत. मराठीत."

रेवा पुढे आली. निळी जीन्स, पायात स्पोर्ट्सचे बूट. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ओरडली, आणि मागच्या रांगेतली दोन लहान मुलं खरोखर उठून उभी राहिली:

"काकू, उठा! रोना-धोना बादमध्ये करू! घोडे जितके हैं, त्यावर पहले बच्चे बसवा! माझी फिकर करू नका, मी पीछेसे येते!"

हॉलमध्ये हशा पिकला. "पीछेसे येते!" कुणीतरी पुन्हा म्हणालं, पुन्हा हशा. सुलभा उठून उभी राहिली होती. रेवाचे कान लाल झाले, पण पोर जागची हलली नाही.

"हसा!" ती म्हणाली. "खूब हसा! लेकिन गोजराबाईची पण तर पोस्टिंग नॉर्थमध्येच होती ना?"

आणि मला, मोजमापं तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला, तीस वर्षं दडलेली स्वतःची चूक त्या एका वाक्यात दिसली.

"थांबा!" मी खुर्चीवर चढलो. (या वेळी खुर्ची आहे, हे पाहून.) "ऐका! गोजराबाई साताऱ्याची, साताऱ्याची म्हणून मी जन्मभर बोंब मारली. पण ती साताऱ्यात राहिली कधी? मीच सांगतो त्या गोष्टीत तिचा बाप फौजेबरोबर माळव्यात. ही जन्मली माळव्याच्या छावणीत. वाढली ग्वाल्हेरकडे. घोडी सांभाळणारे मोतद्दार हिंदुस्थानी, दाई हिंदुस्थानी, खेळायला पोरं हिंदुस्थानी. सातारा तिनं पहिल्यांदा पाहिला तो पानिपतावरून परतल्यावर! बाप घरात मराठीत बोलत असणार आणि ही उत्तर कशात देत असणार? सांगा ना! तुमच्या घरात कशात येतं?"

हशा थांबला. हॉलच्या मागच्या बाजूला मंडळाची पोरं पकडापकडी खेळत होती आणि त्यांचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते: "ओए, चीटिंग मत कर! मेरी बारी है यार!" एकही शब्द मराठी नव्हता. आईबापांनी माना खाली घातल्या.

"मुद्दा क्रमांक एक चूक नाही," मी म्हणालो. "मुद्दा क्रमांक एक उलटा आहे! पुण्याची शुद्ध बोलणारी मुलगी उभी केलीत तर तो इतिहासाचा खून! गोजराबाई अशीच बोलत होती. 'मी पीछेसे येते' असंच म्हणाली असणार, आणि म्हणाली तशी खरंच सगळ्यांच्या मागून आली. मोडक्या मराठीत तिनं आख्खी छावणी घरी आणली. हसायचं असेल तर आता हसा!"

कर्नलसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. आवाज खाली आला.

"माझा मन्या काल मला म्हणाला, 'डॅड, मराठी मत बोलो ना, दोस्त बैठे हैं.'" त्यांनी खिशातून तेच शाईचं पेन काढलं. "आणा तो कागद. मुद्दा क्रमांक एक मागे."

"आणि बाकीचे तेरा?" मी विचारलं.

"ते राहू देत! टोमॅटो मलाही पटत नाही."

चाळीस मिनिटांत एकेचाळीस सह्या झाल्या. पहिली पुन्हा माझी. लांबानं कागद पाहिला, कपाळाला हात लावला आणि रेवाला परत घेतलं. वर उरलेल्या तेरा मुद्द्यांची कटकट नको, म्हणून कंपनीनं मलाच मानद इतिहास सल्लागार नेमलं. मानद म्हणजे जेवण त्यांचं.

शूटिंगचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. सफेद्याच्या रांगेपुढे कनाती लावायला लावल्या. काँग्रेस गवत स्वतः उपटलं आणि दोन दिवस अंग खाजवत बसलो. शेवटी आला तो प्रसंग: रणात गोजराबाई मेलेल्या चुलत्याची पगडी आणि तलवार घेते. नेमका त्या दिवशी चुलत्याचं काम करणारा माणूस तापानं आडवा. लांबा माझ्याकडे बघायला लागला.

"सर, सिर्फ़ लेटना है."

मी झोपलो. अंगात चुलत्याचा अंगरखा. कडक इस्त्रीचा! मी पडल्या पडल्या ओरडलो, "हा माणूस लढून मेलाय की लग्नाला निघालाय? असं चालणार नाही!" आणि स्वतःच्या हातानं उजवी बाही खांद्यापर्यंत टराटरा फाडली. दिग्दर्शकानंसुद्धा मान डोलावली. रेवा आली. नऊवारीचा काष्टा, कपाळावर धूळ. तिनं माझी पगडी काढली, मुठीतली तलवार सोडवली आणि क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. (प्रेताच्या डोळ्यांत पाणी, म्हणून तो शॉट तीनदा घ्यावा लागला.) मग तिनं घोड्यावर झेप घेतली, आणि सांगतो, आमच्या ओढ्याकाठची खरी गोजराबाई असती तरी तिनं बाजूला होऊन वाट दिली असती.

तो भाग लागला तेव्हा आमच्या दिवाणखान्यात तीस माणसं होती. भल्लाआंटी सर्वांत पुढे, पदर डोळ्यांना लावून. कर्नल उभे. पडद्यावर रेवा चुलत्यापाशी वाकली. कॅमेरा हळूहळू खाली आला, फाटक्या बाहीवर थांबला, आणि सत्तावीस इंची पडद्याच्या मधोमध, अठराव्या शतकातल्या त्या वीराच्या उघड्या दंडावर, चंद्रसूर्यासारखे झळकले देवीच्या लसीचे दोन वण. रुपयाएवढे.

सुलभा तेवढी म्हणाली, "मुद्दा क्रमांक नऊ."

पुढच्याच रविवारी मंडळाच्या सभेत नवं निषेधपत्र आलं. रेवाच्या हातचं, तिच्या आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र: 'सदर प्रेत इतिहासाशी बिलकुल मेल खात नाही. कृपया ह्याला मालिकेतून पक्का काढून टाका.' खाली पहिली सही तिची होती. सुवाच्य, पूर्ण नावाची आणि खाली दोन रेघा मारलेली.

मुद्दा बिनतोड होता. आणि तत्त्व म्हणजे तत्त्व! दुसरी सही मी केली.